पहिला पोकेमॉन निवडताना: स्टार्टर कसा ठरवावा?

पोकेमॉन या व्हिडिओ गेम-मालिकेतील बहुतेक मुख्य गेममध्ये खेळ सुरू होताच तीन पोकेमॉन (पकडून लढवायचे काल्पनिक प्राणी) समोर ठेवले जातात. त्यांतला एक गवत, एक अग्नी आणि एक जल प्रकारचा असतो, आणि यांपैकी एकच आपल्याला मिळतो; तोच आपला स्टार्टर. बरेच खेळाडू रूप पाहून निवड करतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण हा सोबती अनेकदा शेवटच्या लढाईपर्यंत आपल्या सहांच्या संघात राहतो. परंतु ज्याला विचारपूर्वक निवड करायची आहे त्याने ‘सर्वांत बलवान कोण?’ या प्रश्नाऐवजी ‘खेळाच्या पहिल्या टप्प्यात कोणत्या प्रकारचा पोकेमॉन मला रानात पकडता येणार नाही?’ हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे.

गवत जलावर, जल अग्नीवर आणि अग्नी गवतावर भारी पडतो. भारी पडणाऱ्या मूव्हचा (लढाईतील डावाचा) परिणाम दुप्पट होतो आणि उलट बाजूने तो निम्मा होतो. प्रतिस्पर्धी दोन प्रकारांचा असेल आणि दोन्ही त्या मूव्हपुढे कमकुवत असतील, तर परिणाम चौपट होतो. शिवाय पोकेमॉनने स्वतःच्याच प्रकारची मूव्ह वापरली, तर तिची शक्ती दीडपट होते. पहिल्या दोन-तीन जिममध्ये (जेथे एकेका प्रकारात तरबेज असलेल्या लीडरला हरवावे लागते) आपल्याकडे निवडीला फारसा वाव नसतो, त्यामुळे तेथे हे गुणाकार सर्वाधिक जाणवतात.

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या पहिल्या गेमचे उदाहरण घेऊ. तेथे पाचव्या लेव्हलचे बल्बासॉर (गवत), चारमँडर (अग्नी) आणि स्क्वर्टल (जल) समोर असतात. पहिला जिम लीडर ब्रॉक याचे जिओड्यूड आणि ऑनिक्स हे खडक व भूमी अशा दुहेरी प्रकारचे आहेत, म्हणून गवताचा आणि पाण्याचा मारा त्यांना चौपट बसतो. दुसरी लीडर मिस्टी जल प्रकार वापरते, आणि तिसऱ्या जिममधील लेफ्टनंट सर्जच्या विजेचा बल्बासॉरवर निम्माच परिणाम होतो. म्हणजे सुरुवातीच्या तिन्ही जिमचा विचार करता बल्बासॉर सर्वांत सोपा, स्क्वर्टल मधला आणि चारमँडर सर्वांत अवघड ठरतो. प्रथमच खेळणाऱ्याला, विशेषतः लहान मुलाला, मी आजही बल्बासॉरच सुचवेन.

मात्र आरंभीचा प्रश्न येथे लावला की चित्र बदलते. माउंट मून या डोंगराच्या अलीकडील पोकेमॉन सेंटरमध्ये एक विक्रेता गेममधील चलनात ५०० ला मॅजिकार्प हा जल पोकेमॉन देतो. तो सुरुवातीला अगदीच दुबळा असला, तरी विसाव्या लेव्हलला रूप बदलून गायराडोस होतो, आणि जल प्रकाराची गरज तेथेच भागते. डोंगर ओलांडून सेरुलियन सिटीला पोहोचल्यावर शहराच्या उत्तरेकडील गवतात ऑडिश किंवा बेलस्प्राउट हा गवत पोकेमॉन सापडतो. अग्नीचे तसे नाही, कारण ग्रोलिथ किंवा व्हल्पिक्ससाठी आणखी बरेच पुढे जावे लागते आणि हे दोघेही एकाच आवृत्तीत रानात मिळत नाहीत. म्हणून थोडे कष्ट घेण्याची तयारी असलेल्या खेळाडूसाठी चारमँडर हीच मोलाची निवड आहे, कारण उरलेल्या दोघांची जागा भरून काढता येते, त्याची लवकर येत नाही.

ते कष्टही आटोक्यातले आहेत. विरिडियन फॉरेस्टमध्ये कॅटरपी पकडावा. तो सातव्या लेव्हलला मेटापॉड आणि दहाव्या लेव्हलला बटरफ्री होतो, आणि त्यानंतर लवकरच कन्फ्युजन ही मूव्ह शिकतो. ब्रॉकच्या पोकेमॉनचा शारीरिक बचाव भक्कम असला, तरी कन्फ्युजनसारखा अशारीरिक मारा रोखणारा त्यांचा स्पेशल गुण फार कमी आहे, त्यामुळे ही मूव्ह त्यांना चांगलीच लागते. २००४ च्या ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’मध्ये तर चारमँडर स्वतःच तेराव्या लेव्हलला मेटल क्लॉ ही पोलाद प्रकारची मूव्ह शिकतो, जी खडक प्रकारावर भारी पडते.

इतर प्रदेशांतही हीच पडताळणी करावी, उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे येते. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये गवत प्रकारचा चिकोरिटा घेतल्यास पहिली जिम उडणाऱ्या पोकेमॉनची आणि दुसरी कीटकांची असते, आणि दोन्ही प्रकार गवतावर भारी आहेत. तरीही तो आवडत असेल तर सोडून देऊ नये. डार्क केव्हमध्ये जिओड्यूड सापडतो, व्हायोलेट सिटीत बेलस्प्राउटच्या बदल्यात ऑनिक्स मिळतो, आणि यांतला एकही दोन्ही जिमसाठी पुरेसा आहे. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये सिन्नोह प्रदेशाच्या पोकेडेक्समध्ये (पोकेमॉनच्या यादीत) अग्नी प्रकाराची दोनच कुटुंबे आहेत, एक स्टार्टर चिमचारचे आणि दुसरे पोनिटाचे, त्यामुळे तेथे चिमचारच्या बाजूचा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे.

‘रूबी’ आणि ‘सफायर’मधील जल स्टार्टर मडकिप मात्र माझ्या कसोटीला छेद देतो. होएन प्रदेशात पाणी आणि जल पोकेमॉन मुबलक आहेत, तरीही मडकिप घेणे शहाणपणाचे ठरते, कारण सोळाव्या लेव्हलला तो मार्शटॉम्प झाला की जल आणि भूमी अशी दुहेरी जोडी तयार होते. मग तिसऱ्या जिममधील विजेचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही आणि त्याची एकच दुखरी बाजू उरते, ती म्हणजे गवत, जे त्याला चौपट लागते. यावरून लक्षात येईल की स्टार्टरच्या पुढच्या रूपांना कोणता दुसरा प्रकार मिळतो, हे आधी पाहणे आवश्यक आहे. चारमँडरचे शेवटचे रूप असलेल्या चारिझार्डला उडण्याचा प्रकार मिळतो आणि त्यामुळे खडकाचा मारा त्याला चौपट बसतो, हेही याच हिशेबात धरावे.

गेमभर आपल्याशी पुन्हा पुन्हा लढणाऱ्या प्रतिस्पर्धी पात्राच्या निवडीची काळजी थोडीच करावी. पहिल्या गेममध्ये तो आपल्यावर भारी पडणारा पोकेमॉन घेतो, तर २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मधील प्रतिस्पर्धी निमोना आपल्यापुढे कमकुवत असणारा घेते. दोन्ही बाबतींत संघातील दुसरा एखादा पोकेमॉन ही लढत सांभाळू शकतो.

निवड पक्की झाली, तरी पोकेमॉन हातात घेण्यापूर्वी गेम अवश्य सेव्ह करावा. ‘रूबी’ आणि ‘सफायर’पासून प्रत्येक पोकेमॉनला २५ पैकी एक स्वभाव मिळतो. त्यांतील २० स्वभाव एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तितकाच घटवतात, उरलेले पाच काहीच बदलत नाहीत. ‘फायररेड’मध्ये अग्नी प्रकाराच्या सर्व मूव्ह स्पेशल अटॅक या गुणावर चालतात, म्हणून चारमँडरला तो गुण वाढवणारा मॉडेस्ट स्वभाव लाभदायक आहे, तर अॅडमंट स्वभाव नेमका तोच गुण कमी करतो. पोकेमॉन मिळताच त्याच्या माहितीच्या पानावर स्वभाव पाहावा, आणि तो अगदीच विरुद्ध निघाला तर पुन्हा सेव्ह न करता गेम बंद करून त्याच जागेवरून निवड पुन्हा करावी.