या चुका टाळा: पाऊस घाटावरून येतोय आणि तुम्ही समुद्राकडे बघताय

ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली की आमच्या कोकणात गुहागरच्या बाजूला दरवर्षी एकच प्रकार बघायला मिळतो. माणूस बांधावर उभा राहतो, पश्चिमेला बघतो, समुद्रावर आभाळ मोकळं दिसलं की "आज काय येत नाही" म्हणतो आणि विळा उचलतो. जून-जुलैत हे ठीक आहे. तेव्हा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर समुद्रावरूनच येतो. परतीच्या पावसात मात्र वरच्या थरातला वारा पूर्वेकडून वाहायला लागतो. दुपारच्या उन्हाने सह्याद्रीवर ढग चढतात आणि हा वारा त्यांना किनाऱ्याकडे ढकलतो. मे महिन्यातला वळीवही बहुतेक वेळा तिकडूनच उतरतो.

त्यात आणखी एक चकवा आहे. जमिनीलगत त्या वेळी खारा वारा असतो, समुद्राकडून घाटाकडे जाणारा. खालचे कापसाचे पुंजके पूर्वेला सरकताना दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, पाऊस लांब चालला. मोठा ढग वरच्या वाऱ्याने आपल्याच अंगावर येत असतो.

माझा पुतण्या मुंबईची नोकरी सोडून शेती करायला आला, त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. दोन दिवसांत अख्खा मळा कापून त्याने भात वाळायला पसरलं होतं. दुपारी मी त्याला म्हटलं, "अरे, भारे बांध आणि उडवी रचून टाक." उडवी म्हणजे भाऱ्यांची रचलेली रास. त्याने मोबाइल पुढे धरला. त्यावर सूर्याचं चित्र. "काका, समुद्र बघा ना, किती स्वच्छ आहे!" मी त्याला खांद्याला धरून मागे फिरवलं. चिपळूणच्या वरच्या अंगाला एक ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर चढत होता, पांढराशुभ्र. "पांढरा आहे हो, काळा कुठाय?" असं म्हणून तो जेवायला गेला.

साडेतीनला खारा वारा एकदम पडला. मग घाटाकडून गार झोत आला, माडांच्या झावळ्या उलट्या फिरल्या आणि दहा मिनिटांत सर कोसळली. पाऊण तास पाऊस होता. पुढचे दोन दिवस मळभ हटलं नाही. चौथ्या दिवशी लोंब्या हातात घेतल्या तर दाण्या-दाण्यातून सुईच्या टोकाएवढे पांढरे कोंब बाहेर आलेले, आणि पेंढ्याला कुबट वास. पोरगा बांधावर बसून रडला. तो वास मला अजून आठवतो.

"काळा कुठाय" ही चूक तर घरोघरी आहे. ढग काळा दिसतो तो जाड असतो आणि आपण त्याच्या सावलीच्या बाजूला असतो म्हणून. दुपारी सूर्य पश्चिमेला कलला की पूर्वेचा ढग समोरून उजळतो आणि कितीही भरलेला असला तरी पांढराच दिसतो. रंग सोडा, कडा बघा. कडा कापल्यासारख्या रेखीव असतील आणि शेंडा वर चढत असेल, तर ढग वाढतोय. शेंडा धूसर होऊन ऐरणीसारखा आडवा पसरला की तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग. त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते, म्हणून तो इतक्या लांबून दिसतो. मी बारा वाजता आणि दोन वाजता समुद्राकडे पाठ करून पाच मिनिटं उभा राहतो. नव्या मुलांना तेवढाही धीर नसतो, सगळं मोबाइलने सांगावं असं वाटतं.

दुसरी चूक इशारा वाचण्याची. "ऑरेंज अलर्ट होता, आमच्याकडे थेंब नाही, हवामान खातं खोटं बोलतं," हे ऐकून माझे कान किटले आहेत. इशारा जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या वाडीसाठी नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी. 'मुसळधार' हा शब्दही मोजून वापरलेला असतो: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक. २०४.४ च्या वर गेलं की 'अतिवृष्टी'. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. एका शहरात एवढा फरक पडतो, तर आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या मंडणगडच्या पावसावरून दक्षिण टोकाच्या राजापूरच्या माणसाने काय ठरवायचं? रंग हा सावधगिरीचा आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मी सकाळी जिल्ह्याचा अंदाज वाचतो आणि दुपारी फक्त तीन तासांचा तातडीचा इशारा व रडारचं चित्र बघतो.

रडार किंवा उपग्रहाच्या चित्रावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळ असेल तर तीत साडेपाच तास मिळवा. न मिळवता "हे तर सकाळचं चित्र" म्हणणारे मी पाहिलेत.

व्हॉट्सअॅपवर फिरणारं चक्रीवादळाचं चित्र तारीख बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

उंचावरचे पिंजल्यासारखे पातळ ढग स्वतः पाऊस देत नाहीत. पण ऑक्टोबरात तसा पडदा पूर्वेकडून सरकत आला, तर मागे मोठा ढग आहे असं धरा.

पाऊस सुरू नाही म्हणून वीज पडणार नाही, असं मानून आंब्याखाली थांबू नका. वीज पावसाच्या पुढे कित्येक किलोमीटरवर पडते. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर भारा जागीच टाका आणि घरात या. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय मी कुणाला मळ्यात पाठवत नाही.