फराळाचा डबा आणि पाच वर्षांचं खोडकर पोर

फराळाचे डबे भरले, की घरात राखण सुरू होते. वसुबारसेच्या आधीच चकल्या, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू तयार असतात, आणि बऱ्याच घरांत पहिला फराळ पानात येतो तो नरक चतुर्दशीला, अभ्यंगस्नान झाल्यावर. मोठ्यांना चार-पाच दिवस म्हणजे काहीच नाही. साडेतीन ते सहा वर्षांच्या मुलाला मात्र 'परवा' आणि 'पुढच्या आठवड्यात' यांतला फरकही नीट उमगत नाही, त्यात तुपात भाजलेल्या बेसनाचा वास घरभर. मग स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज येतो.

असं मूल वाईट वळणाचं नसतं. 'दिवाळीच्या आधी डब्याला हात लावायचा नाही' हे त्याला पाठ असतं, विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवतं. अडतं ते हात आवरण्यापाशी. हात आवरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, तो पार पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे तोच उपदेश चौथ्यांदा करून काही साधत नाही. बदलायचं ते डब्याची जागा, मुलाच्या हाताला मिळणारं काम आणि आपल्या शब्दाची किंमत.

आधी डब्याचं बघा

लाडू पारदर्शक बरणीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा घ्या आणि तो ओट्यावर न ठेवता बंद कपाटात ठेवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: आत्ता खाल्लं तर कमी आवडीचा खाऊ, थांबलं तर जास्त आवडीचा. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाऊ समोर मांडलेला असताना मुलं सरासरी जेमतेम मिनिटभर थांबली. खाऊ नजरेआड ठेवल्यावर तीच सरासरी ११ मिनिटांच्या आसपास गेली. मुलं त्याच बालवाडीतली, वयंही तीच. फरक होता तो फक्त दिसण्या-न दिसण्याचा.

या प्रयोगाचा एक गैरसमज घरोघर पोचला आहे, की थांबणारं मूल पुढे हुशार निघतं आणि न थांबणारं मागे पडतं. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा हा संबंध पुष्कळच फिका पडला. म्हणून मुलाची परीक्षा घ्यायला मुद्दाम लाडू समोर ठेवून आडून बघत बसू नका. त्यातून काहीही ठरत नाही.

डबा वरच्या फळीवर ठेवत असाल तर मुलाच्या नकळत ठेवा आणि स्टूल दुसऱ्या खोलीत न्या. हे शिस्तीपुरतं नाही, फळीवरून पडून डोकं फुटतं. चिवड्याचा डबा तर हाताला लागताच कामा नये. अख्खे शेंगदाणे चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात.

पूर्ण बंदी घालू नका

पाच दिवस एकही लाडू नाही, हा नियम या वयाला झेपत नाही, आणि न झेपणारा नियम चोरी शिकवतो. पहिल्या घाण्यातल्या दोन करंज्या आणि एक लाडू बाजूला काढून देवापुढे ठेवा. नैवेद्य झाला, की त्यातलं मुलाला द्या. पुढे रोज एक ठरलेली वाटी: मोठ्या लिंबाएवढा एक लाडू, किंवा पाच-सहा शंकरपाळे. लाडू वळतानाच मुलासाठी असे पाच छोटे लाडू वेगळे वळून ठेवले, की रोज मोडामोड करावी लागत नाही. वेळही एकच ठेवा. संध्याकाळी पाचची वेळ असेल तर आधी पोळी-भाजी किंवा दूध-पोहे पोटात जाऊ द्या. भुकेल्या आणि झोपेला आलेल्या मुलाकडून धीराची अपेक्षा धरू नये.

थांबण्याचा सराव

हा सराव कुकरच्या शिट्ट्यांवर छान होतो. मिनिटं मुलाला कळत नाहीत, शिट्टी ऐकू येते. वाटीत लाडू ठेवा, वर ताटली झाका आणि सांगा, "एक शिट्टी झाली, की तुझा." दोन दिवसांनी दोन शिट्ट्या, मग तीन. साडेतीन वर्षांच्या मुलाला एकच पुरे, पाच वर्षांचं तीनपर्यंत सहज जातं. दुसऱ्या शिट्टीला रडू आलं तर उद्या पुन्हा एकवर या. आजचा लाडू मात्र काढून घेऊ नका.

इथे सगळ्यांत जास्त चुकतं ते मोठ्यांचं. तिसरी शिट्टी होते, आई फोनवर असते, बाबा म्हणतात "थांब रे जरा", आणि लाडू पंधरा मिनिटांनी मिळतो किंवा मिळतच नाही. २०१३ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलं. २८ मुलांना आधी चित्रकलेचं चांगलं सामान आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्यांना ते दिलं, निम्म्यांना "संपलं, सॉरी" म्हणून सांगितलं. त्यानंतर खाऊचा प्रयोग केला, तर शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली आणि फसवलेली तीन. दिलेला शब्द मोडला जातो हे कळल्यावर हातातलं आत्ताच खाणं यात मुलाची काही चूक नाही, त्याचा हिशेब बरोबरच आहे. म्हणून तिसरी शिट्टी झाली, की हातातलं काम टाका आणि वाटी द्या. देणं जमणार नसेल तर "नंतर देते" म्हणूच नका, "आज नाही, उद्या दुधाबरोबर" असं नेमकं सांगा.

सवयीचंही बळ मोठं असतं. जपानी आणि अमेरिकी मुलांच्या २०२२ सालच्या तुलनेत जपानी मुलं खाऊसाठी जास्त वेळ थांबली, अमेरिकी मुलं गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. ज्या गोष्टीसाठी थांबणं घरात रोजचं, तिच्यासाठी थांबणं सोपं जातं. पानं वाढून सगळे बसेपर्यंत, श्लोक म्हणून होईपर्यंत घास उचलायचा नाही, ही रीत घरात असेल तर ती सोडू नका. दिवसातून दोनदा आपोआप सराव होतो.

हाताला काम, तोंडात वाक्य

'लाडवाचा विचार करू नकोस' म्हटलं, की मुलाला लाडूच आठवतो. त्यापेक्षा काय करायचं ते द्या. दिवाळीत किल्ल्यासारखं काम नाही: माती चाळायची, दगड रचायचे, पोत्याचं फडकं चिखलात बुडवून वर पसरायचं, हळीव पेरायचे. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतात, म्हणजे धीराचं फळ डोळ्यांना दिसतं. डबे भरायच्या दिवशीच किल्ला सुरू करा.

मुलाला मावळा करा. "गडावरचा पहारेकरी कोठाराची राखण कसा करतो?" असं विचारा. २०१७ साली चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांच्या अभ्यासात बॅटमॅनसारख्या नायकाचं सोंग घेतलेली मुलं कंटाळवाण्या कामावर सर्वांत जास्त वेळ टिकली. आपल्या अंगणात नायकांची वाण नाही. जोडीला एक छोटं वाक्य ठरवून ठेवा: "डबा दिसला, की मी किल्ल्यावर पळणार." ते डब्यापासून लांब, निवांत वेळी, मुलाच्याच तोंडून तीन-चार वेळा म्हणवून घ्या. 'मी शहाण्यासारखा वागेन' यासारखं मोघम वाक्य उपयोगाचं नाही. नेमकं काय करायचं ते त्यात हवं.

डबा फोडलाच तर

ओठाला बेसन लागलेलं दिसत असताना "तू लाडू खाल्लास का?" असं विचारू नका. उत्तर "नाही" येणार, आणि एका लाडवाच्या जागी लाडू आणि खोटं अशा दोन गोष्टी होणार. "दोन लाडू कमी झालेत आणि तुझ्या तोंडाला बेसन आहे. चल, तोंड धुऊया," एवढं म्हणा. उद्याची वाटी आजच संपली, हा परिणाम शांतपणे सांगा आणि पाळा. मूल आपणहून कबूल करत असेल तर आधी "खरं सांगितलंस, बरं वाटलं" म्हणा. 'लांडगा आला रे आला' सांगून खोटं थांबेल, असं आपल्याला वाटतं. कॅनडात २०१४ साली गोष्टींची तुलना झाली तेव्हा त्या गोष्टीने फरक पडला नाही, खरं बोलल्याचं कौतुक झालेल्या गोष्टीने पडला.

बागुलबुवा, पोलीस, 'बाप्पा रागावेल', हे तर टाळाच. १९६५ सालच्या एका प्रयोगात मुलांना यांत्रिक रोबोटशी खेळायला मनाई होती. काहींना जबर धाक घातला, काहींना नुसतं सौम्य शब्दांत सांगितलं. काही आठवड्यांनी कुणीच धाक घालायला नसताना जबर धाक घातलेल्यांतली बरीच मुलं रोबोटशी खेळली, सौम्य शब्दांतली कमी.

आजीशी मात्र आधीच बोलून घ्या. पदराआडून दिलेला एक लाडू प्रेमाचाच असतो, पण त्याने मुलाला कळतं की नियम माणसागणिक बदलतो. रोजची वाटी आजीच्याच हातून द्या. तिचंही मन राखलं जातं.

आणि चतुर्दशीच्या पहाटे, उटणं लावून न्हाऊन झाल्यावर, डबा मुलाला उघडू द्या. घरात सहा माणसं असतील तर सहा पानांत एकेक लाडू त्यानेच मोजून वाढायचा, आपल्या पानात सगळ्यांत शेवटी.