सात महिन्यांचे शनिवार-रविवार : फ्रान्समध्ये भाषा-साहाय्यक म्हणून जाणाऱ्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतून फ्रेंच शिकलेली काही मुले-मुली फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्रजीचे भाषा-साहाय्यक म्हणून जातात. ही नेमणूक १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची असते आणि आठवड्याला फक्त १२ तास वर्गात उभे राहायचे असते, हे ऐकल्यावर घरातला पहिला प्रश्न असतो, ‘मग उरलेल्या वेळात तू करणार काय?’ निघणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असते, आणि ते म्हणजे प्रवास. मीही नौपाड्यातून निघताना वहीत १९ शहरांची यादी नेली होती. फेब्रुवारीपर्यंत त्यांतली ११ पाहून झाली. त्याच महिन्यात एकदा आठवडाभर बाहेर जाताना खोलीची किल्ली कोणाकडे ठेवावी असा प्रश्न आला, आणि ज्या गावात मी पाच महिने राहत होते तिथे किल्ली ठेवायला एकही घर नाही हे माझ्या लक्षात आले. पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे त्या किल्लीमुळे सुचलेले आहे.

सात महिन्यांत साधारण ३० शनिवार-रविवार येतात. त्यांतले आठ-नऊ शाळेच्या मोठ्या सुट्ट्यांत जातात. उरलेल्या वीस-बावीसांपैकी एक बाहेर आणि एक गावात, असा क्रम सुरुवातीपासून ठेवावा. बाहेरच्या शहरांची घाई करू नये, कारण दोन-दोन आठवड्यांच्या चार सुट्ट्या मिळतात आणि त्या काळातही मानधन चालू राहते. लांबचे प्रवास त्या सुट्ट्यांवर टाकावेत. हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्ट्या देशभर एकाच वेळी नसतात. शाळांचे अ, ब, क असे तीन विभाग केलेले आहेत आणि प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या असतात. त्यामुळे लियाँच्या, स्ट्रासबूरच्या आणि तुलूझच्या मित्रांनी एकत्र जायचे ठरवण्यापूर्वी तिघांचे विभाग तपासावेत, कारण ही तीन शहरे तीन वेगवेगळ्या विभागांत येतात. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या अल्सास प्रांतात नेमणूक झाली असेल तर गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर हे दोन दिवस जास्तीच्या सुट्टीचे मिळतात. फ्रान्सच्या बहुतेक भागांत ते मिळत नाहीत.

पहिल्या आठवड्यात वेळापत्रक ठरते, आणि सगळ्यांत महत्त्वाची विनंती तेव्हाच करायची असते. तुमची जबाबदारी ज्यांच्याकडे असते त्या शिक्षकांना ‘मला फिरायला जायचे आहे’ असे सांगू नये. तास सलग मिळाले तर तयारीला एक मोकळा दिवस राहील, असे सांगावे. ते खोटेही नसते. बहुतेक जण शुक्रवार मोकळा मागतात, पण माझा सल्ला सोमवार मागण्याचा आहे. रविवारी संध्याकाळी सारा देश परतत असतो, गाड्या भरलेल्या असतात आणि तिकिटे महाग होतात. सोमवारी दुपारची गाडी निवांत आणि पुष्कळदा स्वस्त असते. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. शुक्रवारी शेवटच्या तासानंतर स्टाफरूममध्ये ‘थोडे काही घेऊ या का?’ असे कोणीतरी विचारते, आणि गुरुवारीच गाव सोडणाऱ्या साहाय्यकाला तो प्रश्न कधी ऐकूच येत नाही. दुपारचे जेवणही एकट्याने खोलीवर न घेता शाळेत घ्यावे. तिथल्या शिक्षकांशी माझी जी काही ओळख झाली ती जेवणाच्या टेबलावर झाली.

आता पासपोर्टाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे आपली गोष्ट अमेरिकन किंवा ब्रिटिश साहाय्यकांपेक्षा वेगळी आहे आणि त्यांना ती बहुधा ठाऊक नसते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर फ्रान्समध्ये पोहोचल्यानंतर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे काम पहिल्या पंधरवड्यात उरकावे, पावतीची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि त्यानंतरच सीमेपलीकडची तिकिटे काढावीत. हा व्हिसा असताना शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. आणि ब्रिटन दोन्हींत नाही. म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, पण लंडनला जायचे तर वेगळा व्हिसा, वेगळे शुल्क आणि बोटांचे ठसे देण्याची वेगळी खेप पडते. लीड्सच्या एका मैत्रिणीने मला नाताळासाठी घरी बोलावले तेव्हा डिसेंबर उजाडला होता. मी नाही म्हटल्यावर तिला वाटले, मला यायचेच नाही. तेव्हा ही अडचण ऑक्टोबरमध्ये, ओळख होतानाच, हसतखेळत सांगून टाकावी. म्हणजे बेत ठरवतानाच मित्रमंडळी ती विचारात घेतात.

शेंगेनमध्ये सीमा नाहीत असे समजून पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नये. स्ट्रासबूरची ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केल गावापर्यंत जाते, आणि लोक तिने घरसामान आणायला जातात, इतकी ती सीमा रोजच्या सवयीची आहे. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली. चार जणांच्या घोळक्यात पोलीस कोणाला आधी कागद विचारतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

गाड्यांविषयी थोडक्यात सांगते. वय २७ किंवा त्याहून कमी असेल तर ४९ युरोंचे वार्षिक युवा सवलतपत्र आल्या आल्या घ्यावे. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर त्याने ३० टक्के सूट मिळते आणि दोन-तीन प्रवासांत पैसे वसूल होतात. वेगवान गाड्यांचे तिकीट जितके लवकर काढावे तितके स्वस्त पडते, पण प्रादेशिक गाड्यांचे दर बहुतेक ठरलेले असतात. म्हणून आयत्या वेळी ठरलेल्या सहली प्रादेशिक गाडीने कराव्यात. संप असेल तर कोणत्या गाड्या धावणार हे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास कळते. तोवर घाबरून दुसरे तिकीट काढू नये. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पहाटे एक तास पुढे सरकते, त्या दिवशी सकाळची गाडी घेऊ नये. आणि वेगवान गाडीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या गावात येऊन थांबली, तिथल्या माणसाला गाडी पकडायला शिकवायला नको, असा माझा समज होता. ठाण्याच्या जिन्यावरून धावत उतरून चालती लोकल पकडण्याची सवय तिथे काही उपयोगाची नाही. बंद दारासमोर उभे राहून मी माझी गाडी शांतपणे निघून जाताना पाहिली आहे.

प्रवासातली मैत्री टिकते की मोडते हे पुष्कळदा पैशांवर ठरते. साहाय्यकाच्या हातात महिन्याला साधारण ८०० युरो पडतात. त्यांतून भाडे गेल्यावर जे उरते ते सगळ्यांचे सारखेच दिसते, पण मागे घरचा आधार किंवा आधीच्या नोकरीची शिल्लक असलेला सोबती आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेला सोबती यांचा खर्चाचा हात सारखा नसतो. आपल्याकडे संकोचाने गप्प बसण्याची आणि मग मनात कुढण्याची सवय आहे. ती विमानतळावरच सोडावी. बेत निघताच ‘या दोन दिवसांत मला ९० युरोंपेक्षा जास्त खर्च करायचा नाही’ असा आकडा स्पष्ट सांगावा. एकाने आकडा सांगितला की दुसराही सुटकेचा श्वास सोडतो, असे मी दर वेळी पाहिले. टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, ही कॉलेजच्या कट्ट्यावरची पद्धत तिथे सर्वमान्य आहे. ट्रायकाउंटसारख्या अ‍ॅपवर प्रत्येक खर्च त्याच दिवशी नोंदवावा आणि परतीच्या गाडीतच हिशेब मिटवावा. पाहुणचार म्हणून सगळ्यांची कॉफी आपण द्यायला हरकत नाही, मात्र तिची परतफेड होईल अशी मनात नोंद ठेवू नये. पहिला पगार हातात पडायला उशीर होऊ शकतो, म्हणून दोन महिन्यांची तजवीज घरून करून जावे आणि तोवर जवळपासच्या एका दिवसाच्या सहलींवर भागवावे.

या एका दिवसाच्या सहलींचा आणखी एक फायदा आहे. ज्याच्याबरोबर तीन रात्री एका खोलीत काढायच्या, त्याच्याबरोबर आधी एक संपूर्ण दिवस घालवून पाहावा. सकाळी किती वाजता उठतो, संग्रहालयात चार तास रमतो की चाळीस मिनिटांत बाहेर येतो, भूक लागली की चिडतो का, हे सगळे त्या एका दिवसात कळते. शाकाहारी असाल तर त्याच दिवशी सांगावे, आणि ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर न थांबता ‘मांस नाही, मासे नाहीत, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडेही नाहीत’ असे फोडून सांगावे. ते तुकडे सॅलडपासून खाऱ्या टार्टपर्यंत कशातही निघतात. चारपेक्षा मोठा गट करू नये. पाचवा माणूस आला की कुठे जेवायचे हे ठरण्यातच दुपार सरते.

साहाय्यकांचे जग बहुतांशी इंग्रजी बोलणाऱ्यांचे असते. ते जवळचे वाटते आणि त्यातच सात महिने निघून जातात. यावर मला सापडलेला उपाय अगदी योगायोगाने सापडला. माझ्या गावात स्पॅनिशची साहाय्यक कोलंबियाची होती. तिला इंग्रजी फारसे येत नव्हते आणि मला स्पॅनिश मुळीच येत नव्हते, तेव्हा मोडकी फ्रेंच हीच आमची समाईक भाषा ठरली. आम्ही दोघी चुकत होतो, त्यामुळे लाजायचे कोणालाच कारण नव्हते. तेव्हा स्पॅनिश, जर्मन, इटालियन शिकवणारे साहाय्यक शोधून काढावेत आणि किमान एक प्रवास त्यांच्याबरोबर करावा.

आता गावातल्या रविवारांकडे वळते. माझे गाव होते सेलेस्टा, स्ट्रासबूर आणि बाझेल यांना जोडणाऱ्या मार्गावरचे. पहिल्या रविवारी मी रस्त्यावर आले तेव्हा संचारबंदी लागल्यासारखे वाटले. ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा तलावपाळीवर रविवारी संध्याकाळी चालायला जागा नसते. सेलेस्टात मात्र दुकाने बंद, बस तुरळक आणि माणसे घरात. त्या शांततेला कंटाळूनच पुष्कळ जण दर आठवड्याला गाव सोडतात. पण माणसे घरात असतात याचा अर्थ ती कुठेतरी एकत्र असतात, आणि तिथवर पोहोचण्याचा मार्ग म्हणजे स्थानिक मंडळे. गायनवृंद, बॅडमिंटन, मातीकाम, जे येते किंवा यावेसे वाटते ते निवडावे. सह्याद्रीत भटकण्याची सवय असलेल्यांनी चालणाऱ्यांचा गट गाठावा. व्होज पर्वतात १८७२ साली स्थापन झालेला क्लब व्होजियाँ आजही पायवाटांवर रंगीत खुणा रंगवतो आणि त्याच्या गावोगावच्या शाखा सहली काढतात. मी त्यांच्याबरोबर ओ-कोनिग्सबूर किल्ल्यावर गेले. तो किल्ला अल्सास जर्मनीकडे असताना, १९०० ते १९०८ या काळात, कैसर दुसरा विल्हेल्म याने पुन्हा उभा केला आहे. आपल्याकडचे पडके बुरूज पाहिलेल्या डोळ्यांना तो जरा जास्तच धड वाटतो, आणि हे मी बोलून दाखवले तेव्हा सत्तरीच्या पुढचे एक काका खो खो हसले आणि त्यांनी मला पुढच्या रविवारी जेवायला बोलावले.

असे बोलावणे आले की ठरल्या वेळेपूर्वी मुळीच पोहोचू नये. दहा-पंधरा मिनिटे उशीर हाच तिथला शिष्टाचार आहे. रिकाम्या हाताने जाऊ नये. काका-काकूंना ‘अहो-जाहो’चा फ्रेंच पर्याय वापरावा आणि ‘अगं-तुगं’वर यायचे आमंत्रण त्यांच्याकडून येऊ द्यावे. परतफेडीच्या जेवणासाठी थालीपीठ आणि कांदेपोहे निवडावेत, तिखट निम्म्याने कमी करावे आणि लोणचे वेगळे ठेवावे. निघण्यापूर्वी जांभळी नाक्यावरून भाजणी, गोडा मसाला, चिवडा-चकली खुशाल घ्यावी. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी असल्याने पेढे, बर्फी आणि आईने बळेच भरलेला तुपाचा डबा ठाण्यातच राहू द्यावा. २ फेब्रुवारीला तिथे घरोघरी क्रेप, म्हणजे आपल्या धिरड्यासारखा पातळ पदार्थ, करतात. तव्यावरचे क्रेप हवेत उलटवताना दुसऱ्या हातात नाणे धरायचे असते. त्या दिवशी कोणी बोलावले तर दुसरा कुठलाही बेत रद्द करावा.

घरी फोन करण्याची वेळ एकदाच ठरवून टाकावी. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, उन्हाळी वेळेत साडेतीन. मी रविवारी तिथल्या दुपारी फोन करत असे, म्हणजे इकडची संध्याकाळची जेवणे व्हायची असत. प्रवासातून रोज फोन करण्याचे वचन देऊ नये. एक चुकला की घरचे रात्रभर जागतात.

एप्रिलचे शेवटचे दोन शनिवार-रविवार कोणत्याही शहराला देऊ नयेत. बँकेचे खाते, खोलीची तपासणी, अनामत परत मिळवणे यांत दिवस जातात आणि ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्याकडे एकदा बसून यावे लागते. कुकर, पांघरुणे, हिवाळ्याचे बूट पोस्टाने घरी पाठवण्याचा खर्च त्या वस्तूंच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मी माझा तीन लिटरचा कुकर चालण्याच्या गटातल्या त्या काकांकडे ठेवला, शिट्ट्या किती घ्यायच्या ते फ्रेंचमध्ये लिहून झाकणाला चिकटवले आणि ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या पुढच्या साहाय्यकाला त्यांचा पत्ता कळवला. खोलीची जादा किल्लीही मार्चपासून त्यांच्याकडेच होती. ती मात्र आठवणीने परत घ्यावी लागली.