रंगीत ग्लासांच्या खटल्यातली तडजोड कशी वाचायची

भाचीने कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये एका गराज सेलमधून, म्हणजे कुणाच्या तरी घरच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून, सहा ग्लास आणले. सोनेरी काठ, लाल-पिवळी फुलं. बाळ दीड वर्षाचं, पाणी पिताना काठच चावतं. "मावशी, ग्लासांच्या रंगात शिसं असल्याची केस कंपनीने मिटवली आहे. म्हणजे हे आता वापरायला हरकत नाही ना?"

आहे हरकत. मिटली ती केस. कपाटातला ग्लास होता तसाच आहे.

कॅलिफोर्नियात 1986 सालचा प्रॉप 65 कायदा आहे: मालात घातक रसायन असेल तर कंपनीने तसा इशारा द्यायचा. कुणीही कंपनीला 60 दिवसांची नोटीस देऊ शकतं आणि सरकारने पाऊल उचललं नाही तर स्वतः कोर्टात जाऊ शकतं. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर या नोटिसा शोधता येतात. कंपनीचं नाव टाका, रसायनाच्या रकान्यात शिसं किंवा कॅडमियम (दोन्ही विषारी धातू). नोटिशीत उत्पादनाचं वर्णन असतं. आपल्या ग्लासाशी ते शब्दाशब्दाने ताडा. एकाच कंपनीचे दोन सेट वेगळे असू शकतात.

मग तडजोडीचा कागद उघडा. दंडाच्या आकड्यावर थांबू नका. त्या दंडातले 75 टक्के राज्याला जातात, ग्राहकाला त्यातलं काही मिळत नाही. आपल्या कामाच्या गोष्टी दोन. पहिली तारीख: नवे नियम कोणत्या दिवसापासूनच्या मालाला लागू? गराज सेलचा ग्लास बहुतेक त्याआधीचाच. दुसरी, कंपनीने रंगातलं शिसं कमी करायचं कबूल केलं आहे की फक्त इशारा छापून विकायची मुभा घेतली आहे? हे नीट वाचा. काठाचा उल्लेखही शोधा. वरचे 20 मिलिमीटर ओठांना लागतात, म्हणून त्यांचा निकष वेगळा, जास्त कडक असतो.

तडजोड म्हणजे माल परत बोलावणं नव्हे. ते काम अमेरिकेच्या केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाचं, त्यांची यादी वेगळी पाहा. जून 2010 मध्ये मॅकडोनाल्ड्सने श्रेक या कार्टूनपटाची चित्रं असलेले सुमारे 1 कोटी 20 लाख ग्लास परत मागवले, तेव्हा कॅडमियम बाहेरच्या चित्रात होतं. ग्लास अमेरिकेतच, न्यू जर्सीत बनलेले. त्यामुळे तळाशी देशाचं नाव वाचून निर्धास्त होऊ नका. बाहेरचा रंग हाताला लागतो आणि बाळाचा हात तोंडात जातो.

भाचीचे सहाही ग्लास आम्ही कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. देणगीच्या दुकानात दिले असते तर दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या हातात गेले असते.