अंदमानला जाताना थैली भरा, परतण्याआधी घर रिकामं करा

अंदमानात आठवडाभर माणूस तीन जोड कपडे, एक थैली आणि रोजच्या एका बकेट गोड्या पाण्यावर मजेत राहतो. गावी परतला की चार दिवसांत खुंटीवर पुन्हा कपड्यांचा ढीग आणि मोरीत अखंड चालू नळ. तयारी फक्त जाण्याची केली की असं होतं, तिथं शिकलेला साधेपणा घरी टिकत नाही. परतून ज्या घरात राहायचं, त्याचीही तयारी निघण्याआधीच करावी लागते.

आधी वेळ ठरवा. आपल्या विदर्भातल्या शेतकरी घराला जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तूर घरात आलेली असते, हरभरा निघायला थोडा अवकाश असतो, आणि तिकडे समुद्र शांत, पाऊस जवळजवळ नाही. मात्र तेव्हाच तिथं गोड्या पाण्याची चणचण सुरू होते, कारण बेटं पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर जगतात. पाणी जपायची मनाची तयारी करूनच जा. पैशाचं स्पष्ट सांगायचं तर विमानाचं भाडं जड आहे. पीककर्जाच्या किंवा उसन्या पैशांत हा प्रवास करू नका. साधेपणा शिकायला कर्ज काढण्यात काही अर्थ नाही. दुभतं जनावर असेल तर त्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या आणि दिवसाला ५०-६० लिटर पाणी लागतं हे त्याला सांगून ठेवा. ‘सगळे मिळून पाहतील’ म्हटलं की कोणीच पाहत नाही.

थैली प्रत्येकाची एकच, सात किलोच्या आत. देशातल्या बहुतेक विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा तेवढीच असते. रिकामी थैली पाऊण किलो, तीन जोड कपडे दोन किलो, लुंगी किंवा गाऊन, पंचा आणि दुपट्टा मिळून सहाशे-सातशे ग्रॅम, चपला चारशे, रिकामी स्टीलची बाटली तीनशे, साबण-औषधं अर्धा किलो, खाऊ एक किलो. सहा किलोच्या आत बसतं. निघायच्या दोन दिवस आधी भरलेली थैली लटकत्या काट्यावर तोला. शेवटच्या रात्री तोललं तर काढायचं काय यावरून भांडणं होतात आणि शेवटी काहीच निघत नाही. ओळखपत्र वरच्या कप्प्यात, पॉवरबँक हातातल्या सामानातच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका, तेलामुळे पेट घेणारा माल म्हणून त्या विमानात चालत नाहीत. माचिस आणि लायटरही नको. ठेचा, लोणचं, जवसाची चटणी हातातल्या थैलीत अडते. चौघांत मिळून एखादी थैली विमानाच्या पोटात द्यायची असेल तरच तिच्यात घाला.

कपड्यांत सगळ्यात जास्त चूक होते, म्हणून इथं जरा थांबा. जीन्स घरीच ठेवा. एकीचं वजन सहाशे ग्रॅमच्या वर, आणि तिथल्या दमट हवेत ती दोन दिवसांतही सुकत नाही. जाड टर्किश टॉवेलचंही तसंच. पातळ सुती, पूर्ण बाह्यांचे, सैल कपडे घ्या: एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक समुद्रासाठी. समुद्राचा जोड रोज गोड्या पाण्यातून दोनदा पिळून काढायचा. नुसता वाळवला तर दुपारी खडखडीत वाटतो आणि रात्री परत ओलसर होतो, कारण कापडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. तोच घालून फिरलं की मांड्या आणि काखा सोलवटतात. सोबत चार मीटर नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे ठेवा, वारा जोराचा असतो. पायात मागून पट्टा असलेली चप्पल हवी. पोवळ्याच्या खडकानं पाय कापला तर जखम गोड्या पाण्यानं नीट धुऊन आतले कण काढावे लागतात, नाहीतर ती चिघळते.

अंघोळ पंधरा लिटरच्या एका बकेटीत होते, फक्त क्रम पाळा. आधी उन्हात दहा मिनिटं उभं राहून वाळू सुकू द्या आणि पंच्यानं झटका. ओली वाळू चार मग पाणी घेऊनही निघत नाही. मग डोक्यावर दोन मग, साबण, आणि उरलेलं पाणी वरून खाली. समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तिथं साबण लावू नका.

उन्हाची सवय आहे म्हणून गाफील राहू नका. आपल्याकडे घाम आल्याबरोबर उडतो आणि अंग निवतं. तिथं तो अंगावरच राहतो, म्हणून ऊन कमी असूनही जीव घाबरा होतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवा, चमचा चहाचा. दिवसही लवकर धरावा लागतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला असल्यानं नागपूरपेक्षा सूर्य पाऊण-एक तास आधी उगवतो आणि मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास दिवस बुडतो. सकाळी सहाला बाहेर पडा, रात्री सातला जेवा. पोहायचं ते आखून दिलेल्या जागीच, कारण काही किनाऱ्यांवर मगरींचा धोका आहे.

खाऊचे रोजचे पुडे वेगळे बांधा. फुटाणे टिकतात, मुरमुरे तासाभरात सादळतात, गूळ पाझरतो. तो घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यातच न्या. दशम्या दोन दिवसांच्याच करा.

शंख, शिंपले, पोवळी उचलू नका. पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर असं सामान काढून घेतात. मुलांना हे निघण्याआधीच समजावून सांगा, तिथं सांगितलं तर रडारड होते.

आता घर. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाचे पाच जोड कपडे, एक ताट, दोन वाट्या, एक पेला बाहेर ठेवा. शेतात जाणाऱ्याला तीन जोड पुरत नाहीत, म्हणून पाच. बाकीचं लोखंडी पेटीत. गोधड्या, बियाणं, सातबारा, औषधं, पाहुण्यांची चार ताटं यांना हात लावू नका. पेटी मातीच्या जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा, खालून उधई लागते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पुरता वाळलेला, ओलसर पाल्यानं कपड्यांवर बुरशी चढते. झाकणावर तारीख लिहा आणि लागेल ते एक-एक काढा. पोळ्यापर्यंत जे निघालं नाही ते देऊन टाका. आजीच्या लुगड्यांचा निर्णय मात्र आजीचाच. तिला न विचारता भरलेली पेटी चार दिवसांत पुन्हा रिकामी होते आणि घरात कटुता राहते.

तिकडचं सगळं इकडे जसंच्या तसं चालत नाही. दमट हवेत माठातलं पाणी फारसं गार होत नाही आणि कूलर तर निरुपयोगीच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन्ही उत्तम चालतात, म्हणून ते चालूच ठेवा, फ्रीजची बाटली कमी करा. कूलर असलेल्या खोलीची समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि अंदमानासारखाच चिकचिकाट होतो. बकेटीची अंघोळ इथंही चालू राहू द्या आणि मोरीचं पाणी नाली खोदून परसातल्या केळीला किंवा अळूला सोडा. नाली दर पंधरवड्याला साफ करा, साबणाचा साका बसला की पाणी तुंबतं आणि डास होतात.