बडोद्यात सायकॉलॉजीची क्लिनिकल प्लेसमेंट करायची असेल तर हे वाचा

एमए सायकॉलॉजीला असाल तर क्लिनिकची प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलात किंवा क्लिनिकमध्ये सुपरवायझरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकणं, कधी ना कधी करावीच लागते, आणि बहुतेक जण परीक्षा संपली की मग शोधायला उठतात, तोवर बऱ्या जागा भरलेल्या असतात. उन्हाळ्यात करायची तर जानेवारीतच विचारायला लागा, फक्त उत्तरायणचा आठवडा सोडा, तेव्हा सगळं बडोदं गच्चीवर असतं.

जागा साधारण दोन प्रकारच्या. सरकारी म्हणजे कारेलीबागचं मेंटल हॉस्पिटल किंवा सयाजी हॉस्पिटलचा सायकियाट्री विभाग, तिथे डिपार्टमेंटचं पत्र न्या आणि परवानगीसाठी हातात वेळ ठेवा. दुसरी म्हणजे प्रायव्हेट क्लिनिक. तिथे ओळखीने पटकन काम होतं, पण केसेस बऱ्याचदा एकाच साच्यातल्या, अभ्यासाचं टेन्शन, एंग्झायटी, नवराबायकोची भांडणं. माझं विचाराल तर पहिली प्लेसमेंट सरकारीच करा, स्किझोफ्रेनिया पुस्तकात वाचणं आणि समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणं यात फार फरक आहे. स्टायपेंडची आशा ठेवू नका, काही ठिकाणी तर उलट आपल्याकडूनच फी घेतात.

हो म्हणायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा, तुम्हाला सुपरवाइज कोण करणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते, तिथल्या रजिस्टरमधला त्यांचा नंबर म्हणजे सीआरआर नंबर असतो, तो विचारायला लाजायचं काही कारण नाही. नुसती ‘काउन्सेलर’ पाटी कोणीही लावतं.

सुरुवातीला फक्त बसायचं आणि बघायचं. फोन बॅगेत, खुर्ची जरा कडेला. ही स्टुडंट बसली तर चालेल का, हे तुमच्या सुपरवायझर मॅडम पेशंटला विचारतील, आणि तो नाही म्हणाला तर तोंड वाकडं न करता बाहेर जायचं, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे.

मग केस हिस्टरी. खरी शिकवणी इथे. तक्रार पेशंटच्या शब्दात लिहायची, वाघोडियाहून आलेल्या काकी ‘जीव गभराय छे’ म्हणाल्या तर तेच लिहा, ‘एंग्झायटी’ लिहून मोकळे होऊ नका. कधीपासून होतंय हे लोकांना तारखेने आठवत नाही, नवरात्रीच्या आधी की दिवाळीनंतर, असं विचारलं की लगेच सांगतात. सोबत आलेल्याचं म्हणणं वेगळं लिहायचं. सासू म्हणते ही काही कामच करत नाही, सून म्हणते मला रात्र रात्र झोप नाही, दोन्ही लिहा आणि कोण बोललं तेही लिहा, कोण खरं बोलतंय ते ठरवणं आपलं काम नाही. मेंटल स्टेटसमध्येही, म्हणजे पेशंट समोर कसा दिसतो, वागतो, बोलतो याच्या नोंदीतही तसंच, ‘उदास वाटली’ यापेक्षा ‘मान खाली, उत्तराला वेळ घेते, बोलताना दोनदा रडली’ हे जास्त कामाचं.

टेस्ट द्यायला मिळाली तर मॅन्युअल वाचूनच बसा, यूट्यूब बघून आयक्यू टेस्ट घेऊ नका प्लीज. पीएचक्यू-9 ही डिप्रेशन तपासायची प्रश्नावली सोपी वाटते, नऊ प्रश्न, स्कोअर 0 ते 27, पण पेशंट गुजराती असेल तर गुजराती फॉर्मच घ्या, आपल्या मनाने भाषांतर करून विचारलं तर प्रश्नच बदलतो. आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही उत्तर आलं, टोटल कितीही कमी असली तरी, पेशंटला एकटं न सोडता त्याच मिनिटाला सुपरवायझरला सांगायचं, उद्या नाही, रिपोर्ट लिहून झाल्यावर पण नाही.

आता आपल्या मराठी लोकांची खास अडचण. दांडिया बाजार, रावपुरा म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे वेटिंगमध्ये कधीतरी आईच्या भिशीतल्या मावशी दिसणारच. लगेच सुपरवायझरला सांगा आणि ती केस सोडा, फाइलही बघू नका. नंतर गणपतीत भेटल्या तर त्या विषयाचं एक अक्षर काढायचं नाही, घरी आईने खोदून विचारलं तरी नाही. बाकी पेशंट रस्त्यात दिसले तर आपण होऊन हाक मारू नका, ते हसले तर हसा.

सल्ला द्यायचा मोह होतो, खासकरून आपल्याच वयाचं कोणी समोर असलं की. देऊ नका. इन्स्टावर ॲड पण करू नका. कोणी तुमचा नंबर मागितला तर क्लिनिकचा द्या आणि टेली-मानसचा 14416 द्या, ती सरकारी हेल्पलाइन आहे, 24 तास चालू असते आणि फुकट.

लॉगबुकवर सही रोजच्या रोज घ्या, महिन्याभराच्या सह्या एकदम मागितल्या की कोणालाही राग येतो. कॉलेजच्या रिपोर्टमध्ये नाव, सोसायटी, ऑफिस काही नको, पेशंटच्या आद्याक्षरांऐवजी पण ‘केस अ’ लिहा. आणि तासांचं सर्टिफिकेट आठवडाभर आधीच टाइप करून मेल करून ठेवा, सही करणारे डॉक्टर नेमके शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला गेलेले असतात.