पहाटे स्टार्लिंगचे थवे बघायचेत? मग अंधारातच निघा

स्टार्लिंग म्हणजे मैनेच्या कुळातला पक्षी; त्यांच्या थव्यांचा संध्याकाळचा नाच सगळेच बघतात हो, पण पहाटेची मजा वेगळीच, फक्त झोपेचं खोबरं करायची तयारी ठेवा. आदल्या संध्याकाळी थवा कुठल्या लव्हाळ्यात उतरतो ते हेरून ठेवायचं आणि सूर्योदयाच्या पाऊण तास आधी तिथे हजर, कारण सगळा खेळ काही मिनिटांत आटपतो, उशीर झाला की रिकामी लव्हाळी बघत बसा.

आधी काही दिसत नाही, नुसता कलकलाट. मग कधीकधी एकदम चिडीचूप, आणि पुढच्या क्षणी पंखांचा सूंऽऽ आवाज करत काळी चादर वर उचलल्यासारखी लाट डोक्यावरून जाते, तिच्यामागे दुसरी. (टोपी घाला, का ते कळेलच!)

एखादा बहिरी ससाणा घुसला तर थवा कसा घट्ट आवळला जातो ते बघा. रोमच्या थव्यांवर २००८ साली आलेल्या अभ्यासात कळलं की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या ६-७ शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवून वळतो.

८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण भरपूर झाली, पण पहिली लाट नुसत्या डोळ्यांनीच बघा. टॉर्च बंद, पायवाट सोडायची नाही, आणि ड्रोन तर नकोच.